पहिल्या धारेची : मोहाच्या भट्टीपासून मिथेनॉलपर्यंत

‘डॉक्टर, आम्ही बाटलीतली घेत नाही. गावाकडची, मोहाची, पहिल्या धारेची असते. ती शुद्धच ना?’ हा प्रश्न ओपीडीत वरचेवर येतो. त्याच्या नेमका उलटा प्रश्नही येतो, बहुतेक वेळा बायकोकडून किंवा आईकडून : ‘हातभट्टीची म्हणजे विषच ना? डोळे जातात म्हणे.’

दोन्ही प्रश्नांना एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण ‘हातभट्टी’ या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी ठेवतो. एक म्हणजे साखर आंबवून, उकळून, वाफ थंड करून मिळवलेली दारू. दुसरी म्हणजे कारखान्यातलं रसायन पाण्यात मिसळून ‘हातभट्टीची’ म्हणून विकलेलं विष. पहिली यकृत खराब करते, त्याला वर्षं लागतात. दुसरी दोन दिवसांत माणूस नेते. या दोन गोष्टी एका शब्दाखाली कशा आल्या, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि तो बराचसा आपल्याच ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यात घडलेला आहे.

साखर, यीस्ट आणि आजीचं द्राक्षासव

दारू माणूस बनवत नाही, यीस्ट बनवतं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. ती फळांच्या सालींवर असते, फुलांवर असते, हवेतही असते. तिला हवा कमी आणि साखर भरपूर मिळाली की ती साखरेचे दोन तुकडे करते : इथॉनॉल, म्हणजे आपण ज्याला अल्कोहोल म्हणतो ते, आणि कार्बन डायऑक्साइड वायू. हिशेब अगदी चोख आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथॉनॉल आणि ८८ ग्रॅम वायू. आंबवलेल्या रसावर जे बुडबुडे आणि फेस दिसतो तो हा वायू. इडलीचं पीठ फुगतं तेही वायूमुळेच, फक्त तिथे जिवाणूंचा हात मोठा असतो आणि अल्कोहोल नगण्य.

हे काम सजीव पेशी करते, हे लुई पाश्चरने १८५०च्या दशकाच्या शेवटी आणि १८६०मध्ये दाखवून दिलं. त्याआधी बरेच नामांकित रसायनशास्त्रज्ञ याला निव्वळ रासायनिक कुजणं समजत होते. पुढे १८९७मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून, जिवंत पेशी न ठेवता, नुसत्या रसानेही साखरेची दारू होते हे दाखवलं. म्हणजे खरं काम पेशीतली एन्झाइम्स करतात. त्याला १९०७चं नोबेल मिळालं, आणि आजचं जीवरसायनशास्त्र मोठ्या प्रमाणात त्या यीस्टच्या रसातून उभं राहिलं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही जी ग्लायकोलिसिसची साखळी घोकतो, तिचं मूळही दारूच्या पिंपातच आहे.

आपल्याकडे हे सगळं नाव न देता माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूवर देखरेख करणारा सुराध्यक्ष आहे, मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय असे प्रकार आहेत, आणि ‘किण्व’ म्हणजे विरजण कसं करायचं याचीही माहिती आहे. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं याच तत्त्वावर बनतात. गुळाच्या किंवा द्राक्षाच्या पाण्यात औषधी घालायच्या, धायटीची फुलं टाकायची, आणि भांडं बंद करून ठेवायचं. धायटीच्या फुलांवरच्या यीस्टने आंबवण सुरू होतं. म्हणून द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट यांच्या बाटलीवर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असा उल्लेख असतो. आयुष्यात थेंब न घेतलेल्या आजीबाई रोज जेवणानंतर चार चमचे घेतात ते यीस्टचंच काम. मधुमेह, यकृताचा आजार, फिट्सच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगायला हवं, एवढंच इथे म्हणतो.

आंबवण्याला एक नैसर्गिक कुंपण आहे. अल्कोहोल साधारण १४-१५ टक्क्यांवर गेलं की बहुतेक यीस्ट स्वतःच्याच दारूत गुदमरतं. नुसती आंबवलेली ताडी, माडी, हंडिया किंवा वाइन म्हणून यापलीकडे जात नाही. त्यापुढे जायचं तर आगीची मदत लागते.

मातीच्या मडक्यातलं शास्त्र

इथॉनॉल ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, पाणी १०० अंशांवर. आंबलेला रस तापवला की निघणाऱ्या वाफेत इथॉनॉलचं प्रमाण रसापेक्षा बरंच जास्त असतं. ती वाफ दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड केली की कडक दारू मिळते. हे ऊर्ध्वपातन. एवढ्यासाठी एक तापवायचं मडकं, एक नळी, एक थंड भांडं आणि झाकणाच्या फटी बुजवायला माती पुरते. ऊर्ध्वपातन घराघरात करता येतं आणि कुठल्याच सरकारला ते पूर्ण थांबवता आलेलं नाही, त्याचं कारण हेच.

हे पहिल्यांदा कुठे झालं यावर वाद आहे. आज पाकिस्तानात असलेल्या चारसड्ड्याजवळच्या शेखान ढेरी इथे आणि तक्षशिलेला जुन्या वस्त्यांत मातीची अशी भांडी सापडली, की ती ऊर्ध्वपातनाची असावीत असं पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी १९७९मध्ये मांडलं. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. सगळ्यांना हे पटलेलं नाही. अरब किमयागारांनी काचेची उपकरणं सुधारली, आणि बाराव्या शतकापासून इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यांच्या लिखाणात वाइन उकळून ज्वलनशील पाणी मिळवण्याच्या कृती येतात. युरोपात या पाण्याला ‘जीवनजल’ म्हणत आणि ते औषध म्हणून विकत. विकणाऱ्यांत आमचेच व्यवसायबंधू पुढे होते.

आपल्या जवळचं जिवंत उदाहरण गोव्याचं. काजू हे झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलं. बियांपेक्षा बोंडं जास्त, आणि बोंड टिकत नाही. म्हणून रस काढून आंबवायचा आणि भाणात घालून भट्टीवर चढवायचा. वाफ पलीकडच्या लावणीत थंड होते. पहिल्या खेपेला हलकी हुर्राक, ती पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर चढवली की कडक फेणी. काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच समुद्रकिनाऱ्यावर, एकाच तत्त्वाची भट्टी गोव्यात वारसा ठरली आणि महाराष्ट्रात गुन्हा. रसायनशास्त्रात तर काही फरक नाही. फरक कायद्याच्या इतिहासात आहे.

पण आधी ‘पहिल्या धारेची’ याचा उलगडा करू. आठ-दहा टक्क्यांचा रस चढवला तर सुरुवातीला टपकणाऱ्या द्रवात निम्म्याच्या आसपास इथॉनॉल असतं. जसजसं मडक्यातलं इथॉनॉल संपत जातं तसतशी धार पातळ होत जाते, शेवटी नुसतं वासाचं पाणी. म्हणजे पहिल्या धारेची ती सर्वांत कडक. ‘कडक’ म्हणजे ‘शुद्ध’ नव्हे. आणि डॉक्टर म्हणून माझी अडचण इथेच होते. रुग्ण म्हणतो, ‘एक ग्लास घेतो.’ १८० मिलीचा ग्लास २० टक्क्यांचा असेल तर त्यात सुमारे २८ ग्रॅम इथॉनॉल, ४० टक्क्यांचा असेल तर ५७ ग्रॅम. ग्लास तोच, यकृतावरचा भार दुप्पट. बाटलीवर निदान आकडा छापलेला असतो, मडक्यावर नसतो. आणि आकडा कमी असो की जास्त, मोहाचं इथॉनॉल आणि स्कॉचचं इथॉनॉल यात यकृत भेद करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात ‘घरगुती’ला सूट नाही.

मोहाच्या झाडाखालचा कायदा

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. गोड, मांसल, पिवळसर पांढरी. वाळवलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. उत्तर कोकण, खानदेश, विदर्भ, मध्य भारत या भागांतल्या आदिवासींसाठी हे फूल आधी अन्न होतं आणि मग दारू. धान्य संपलेल्या महिन्यांत उकडून, भाजून, भाकरीत घालून खायचं. जन्म, लग्न, मरण, देवाचा नैवेद्य यांत मोहाची दारू लागायची. भट्टी घरोघर, खप घरापुरता, गावापुरता.

मग आला १८७८चा मुंबई अबकारी कायदा. तोवर कर होताच, पण या कायद्याने दारू गाळण्याचा हक्कच सरकारच्या हाती घेतला. घरची भट्टी बेकायदा, मोठ्या केंद्रात गाळलेली दारू कायदेशीर, आणि ती विकायचे मक्ते लिलावाने. ताडाच्या झाडालाही झाडागणिक कर. ठाणे जिल्ह्यासाठी आणि मुंबई शहरासाठी गाळण्याचं मोठं केंद्र होतं उरण. तिथल्या पारशी मालकांच्या भट्ट्यांत गुजरातकडून येणारी मोहफुलं उकळत. सरकारच्या तिजोरीत अबकारी हे मोठं उत्पन्न झालं.

घरच्या भट्ट्या अर्थातच थांबल्या नाहीत. मग १८९२मध्ये आणखी एक कायदा झाला, थेट मोहफुलांचा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध आले. भट्टी सापडत नाही म्हणून फुलालाच बेड्या! ज्याच्या दारात मोह उभा, त्याला खाली पडलेलं फूल उचलता येईना. दारू प्यायची तर मक्तेदाराच्या दुकानातून, रोख पैसे देऊन किंवा उधारीवर. उधारीतून कर्ज आणि कर्जातून जमीन जाणं, ही साखळी दक्षिण गुजरातच्या संदर्भात इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तपशिलात मांडली आहे.

त्याच पट्ट्यात १९२२मध्ये काहीतरी विलक्षण घडलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. ती लाट डोंगराकडे आणि सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पसरली. देवी सांगत होती : दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशांकडे मजुरीला जाऊ नका. गावंच्या गावं काही काळ दारूमुक्त झाली. व्यसनमुक्तीच्या कामात आम्हा डॉक्टरांना जे गोळ्यांनी आणि समुपदेशनाने जेमतेम साधतं, ते तिथे सामूहिक निश्चयाने झालं. ते सगळीकडे टिकलं नाही हेही खरं. पण दारू सोडणं हा त्या लोकांसाठी नुसता आरोग्याचा निर्णय नव्हता, मक्तेदाराच्या उधारीतून सुटण्याचा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय ती लाट कळत नाही.

डॉक्टर मंत्री आणि शहरातली भट्टी

मुंबई शहरात पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ला आली. ती आणणारे मंत्री होते डॉ. मंचेरशा गिल्डर. त्यांच्याकडे आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती होती. गिल्डर हृदयरोगतज्ज्ञ, पुढे १९४३च्या उपोषणात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. आणि स्वतः पारशी, म्हणजे दारूच्या धंद्यात मोठी गुंतवणूक असलेल्या समाजातले. समाजाचा रोष त्यांनी पत्करला. त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि प्रयोग अर्धवट राहिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ झाला आणि एप्रिल १९५०पासून तेव्हाच्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. त्यातली काही कलमं पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेली. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी न्यायालयाने १९५१च्या बलसारा खटल्यात रद्द ठरवली. आमच्या दृष्टीने हा महत्त्वाचा निकाल, कारण तेव्हाची कितीतरी टॉनिकं आणि टिंक्चरं अल्कोहोलमध्येच बनत. याच कायद्यात ‘आरोग्याचे जतन आणि संवर्धन’ यासाठी दारू पिण्याचा परवाना देण्याची सोय झाली. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्याने परवाना लागतो. आरोग्याच्या जतनासाठी मी आजवर कुणालाही दारू लिहून दिलेली नाही आणि लिहून द्यावी असा एकही आजार मला माहीत नाही. याला एक अपवाद आहे, त्याकडे शेवटी येतो.

बंदी आली आणि जंगलातली भट्टी शहरात आली. धारावी, माहीम-वांद्र्याच्या खाड्या, वसईची आणि ठाण्याची खाजणं. मोहफुलं नाहीत म्हणून काळा, सडका गूळ. पोलिसांच्या बातमीत आजही ‘रसायन’ म्हणून जे नष्ट होतं ते हे आंबलेलं गूळपाणी. त्यात नवसागर टाकतात. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळात साखर भरपूर पण नायट्रोजन कमी, आणि यीस्टच्या वाढीला नायट्रोजन लागतो, तो त्यातून मिळतो. नवसागरामुळे माणसं मरतात अशी समजूत आहे. ते विषबाधेचं कारण नाही, तो क्षार बहुतांशी मडक्यातच राहतो. मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून माल शहरात यायचा. ‘आंटी’च्या खोलीत ग्लासने विकला जायचा.

भट्टी चोरून चालू लागली की भांडी बदलतात, हे जगभर दिसतं. तांब्या-मातीची जागा डबे, पिंपं, सापडेल ती नळी घेते. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स वसाहतीने रम गाळताना शिशाची नळी आणि शिशाचं डोकं वापरण्यावर १७२३मध्येच बंदी घातली होती, कारण ती रम पिणाऱ्यांना भयंकर पोटशूळ उठायचा आणि हातपाय लुळे पडायचे. पुढे तिथेच चोरट्या भट्ट्यांत मोटारीचे जुने रेडिएटर वाफ थंड करायला वापरले गेले आणि त्यांच्या डागातलं शिसं पुन्हा पोटात गेलं. शिशाची बाधा हळूहळू होते : रक्तक्षय, पोटदुखी, मनगट लुळं पडणं, मूत्रपिंड निकामी होणं. नियमित गावठी पिणाऱ्या माणसाला कारण न सापडणारी पोटदुखी आणि रक्तक्षय असेल तर हे डोक्यात ठेवावं लागतं.

आपल्याकडे बंदी १९६०च्या दशकात सैल होत गेली आणि १९७३च्या नियमांनी ‘देशी दारू’ परवान्याखाली बाजारात आली. गुजरातने मात्र १९६०च्या विभाजनानंतरही बंदी कायम ठेवली. गडचिरोलीत १९९३पासून जिल्हा दारूबंदी आहे, त्यामागे तिथल्या लोकांची, विशेषतः स्त्रियांची, मोठी चळवळ होती. चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. त्याच २०२१मध्ये राज्याने मोहफुलांवरचे बरेच निर्बंध काढले. १८९२पासून मोजलं तर फुलाची शिक्षा जवळपास १३० वर्षांची झाली.

हा दुसरा द्रव आला कुठून?

मिथेनॉल हे इथॉनॉलचं धाकटं भावंड. रेणूत एक कार्बन कमी. रंग नाही, वास जवळजवळ तसाच, नशाही थोडी. पूर्वी ते लाकूड कोरडं तापवून मिळवत, म्हणून ‘काष्ठमद्य’. ब्रिटनमध्ये १८५५च्या कायद्याने उद्योगांना करमुक्त स्पिरिट द्यायचं ठरलं, पण कुणी पिऊ नये म्हणून त्यात नऊ भागांना एक भाग कच्चं काष्ठमद्य मिसळायचं. हेच मिथिलेटेड स्पिरिट. कर वाचवण्यासाठी म्हणून इथॉनॉल आणि मिथेनॉल एका बाटलीत पहिल्यांदा सरकारनेच घातले.

कच्च्या काष्ठमद्याला इतकी घाण यायची की तोंडाला लावणं कठीण. दुर्गंधी हेच संरक्षण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ते वास काढून, शुद्ध करून ‘कोलंबियन स्पिरिट’सारख्या नावांनी विकलं जाऊ लागलं. स्वस्त म्हणून ते टॉनिकांत, अर्कांत, व्हिस्कीत गेलं. फ्रँक बुलर आणि केसी वुड या नेत्रतज्ज्ञांनी १९०४मध्ये काष्ठमद्याने आलेल्या अंधत्वाच्या आणि मृत्यूच्या केसेस गोळा करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांचे डोळे उघडले. १९२३मध्ये जर्मनीत लॉइना इथे मिथेनॉल कृत्रिमरीत्या, प्रचंड प्रमाणात बनू लागलं. आज रंग, प्लायवूडचा डिंक, औषधं, इंधन अशा असंख्य उद्योगांना ते टँकरने लागतं. त्यावर दारूचा कर नाही. म्हणजे स्वस्त.

आता महत्त्वाचा मुद्दा. आंबवताना मिथेनॉल मुळीच होत नाही असं नाही. फळांच्या सालीत, गरात पेक्टिन असतं (ज्यामुळे जॅम घट्ट होतो ते), त्यापासून थोडं सुटतं. युरोपीय नियमांत फळांच्या दारूला दर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १० ग्रॅमपर्यंत मिथेनॉल चालतं, म्हणजे ४० टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. त्याच बाटलीत सुमारे ३१५ ग्रॅम इथॉनॉल असतं. गुळात तर पेक्टिन नसल्यात जमा, त्यामुळे गुळाच्या भट्टीत मिथेनॉल अगदी किरकोळ. साध्या भट्टीतून, चुकून, दोनशे माणसं मारण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. ते बाहेरून आणून टाकावं लागतं.

‘पहिली धार फेकून दिली की विष जातं’ अशी समजूत परदेशात पसरली आहे आणि आता व्हिडिओंमधून आपल्याकडेही येते. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं म्हणून ते आधी निघून जाईल, असा हिशेब. पण पाण्यात विरघळलेलं मिथेनॉल पाण्याला चिकटून राहतं आणि साध्या मडक्याच्या भट्टीत ते पहिल्यापासून शेवटपर्यंत थोडंथोडं येत राहतं. शिवाय मिथेनॉल गाळल्यानंतर मिसळलं असेल तर धारेचा प्रश्नच उरत नाही. काडी लावून ज्योत निळी आली म्हणजे दारू चांगली, हीही अंधश्रद्धाच. मिथेनॉलचीही ज्योत निळीच असते.

विक्रोळीत २००४मध्ये, अहमदाबादेत २००९मध्ये, मालाडच्या मालवणीत जून २०१५मध्ये, गुजरातच्या बोटाद भागात जुलै २०२२मध्ये, तमिळनाडूत कळ्ळकुरिचीला जून २०२४मध्ये माणसं मेली. एकट्या मालवणीत शंभरावर. यांत दारूबंदी असलेलं राज्य आहे आणि नसलेलंही. प्रत्येक वेळी बातमी ‘हातभट्टीचे बळी’ अशी आली, आणि मेलेल्यांत जवळजवळ सगळे हातावर पोट असणारे.

शरीरात काय होतं

मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. यकृतातलं जे एन्झाइम इथॉनॉल मोडतं तेच मिथेनॉलही मोडतं. आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल साचतं, पेशींचा श्वास अडवतं, रक्त आम्लधर्मी करतं आणि डोळ्याच्या नसेवर पहिला घाव घालतं. सुरुवातीला शास्त्रज्ञ चकले, कारण उंदीर आणि कुत्री हे आम्ल भराभर मोडून टाकतात आणि त्यांना काही होत नाही. माकडांवर १९५०च्या दशकात अभ्यास झाले तेव्हा माणसासारखं चित्र दिसलं.

हे रूपांतर व्हायला वेळ लागतो, म्हणून त्रास साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतो. सोबत इथॉनॉलही प्यायलं असेल तर आणखी उशिरा. रात्री पिऊन झोपलेला माणूस सकाळी ‘उतरली नाही’ म्हणून पडून राहतो. उलट्या, पोटदुखी, डोकं जड. मग धाप, खोल आणि जोरजोरात श्वास. मग दिसणं धूसर, काहींना बर्फात उभं असल्यासारखं सगळं पांढरं दिसतं. त्यापुढे फिट्स, बेशुद्धी. शुद्ध मिथेनॉलचे १० मिली एवढेही कायमचं अंधत्व आणू शकतात आणि ३० मिलीच्या आसपास जीव जाऊ शकतो.

उपचाराची किल्लीही त्याच एन्झाइममध्ये आहे. त्याला मिथेनॉलपेक्षा इथॉनॉल कितीतरी जास्त पसंत. दोन्ही समोर असतील तर ते इथॉनॉलकडे जातं आणि मिथेनॉल न मोडता राहतं. नॉर्वेतले नेत्रतज्ज्ञ ओलुफ रो यांनी १९४०च्या दशकात असे रुग्ण पाहताना हे टिपलं, की सोबत साधी दारू प्यायलेले लोक तुलनेने वाचत होते. त्यातून इथॉनॉल हाच उतारा ठरला. मघाशी म्हटलेला अपवाद तो हा. आज फोमेपिझोल हे अधिक सुरक्षित औषध आहे, अमेरिकेत मिथेनॉल विषबाधेसाठी २०००मध्ये मान्य झालेलं. आपल्याकडे ते सर्रास मिळत नाही, म्हणून मोजून दिलेलं इथॉनॉल, शिरेतून बायकार्बोनेट, फोलिनिक अॅसिड आणि डायलिसिस यांवर मदार असते. हे वाचून घरीच ‘उतारा’ म्हणून आणखी दारू पाजू नका. प्रमाण रक्त तपासत ठरवावं लागतं, बेशुद्ध होणाऱ्याच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात जातं, आणि पाजलेली त्याच पिंपातली असेल तर संपलंच.

घरच्यांकडून या वेळी जी चूक होते तिची मुळं वर सांगितलेल्या इतिहासात आहेत. दीडशे वर्षं दारू म्हणजे पोलीस, हे डोक्यात बसलेलं आहे. म्हणून रुग्णालयात आल्यावर सांगतात, ‘काल लग्नात जेवला, बाधलं असेल.’ आम्ही अन्नविषबाधा समजून सलाइन लावतो आणि मोलाचे तास जातात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा : काय प्यायला, कुठून आणलं, किती वाजता, किती. बाटली किंवा पिशवी उरली असेल तर सोबत आणा. पोलीस नोंद रुग्णालय नियमाप्रमाणे करेल, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. दारूनंतर दुसऱ्या दिवशी धाप लागली किंवा दिसणं धूसर झालं तर जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि त्याच्यासोबत त्या रात्री कोण कोण बसलं होतं त्यांची नावंही द्या. त्यांना अजून काही होत नसलं, तरी त्यांनाही लगेच बोलावून घ्यायचं असतं.